रस्ता उंचावला, दारे खाली राहिली

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नालासोपाऱ्यातल्या आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला, तेव्हा सगळी गल्ली खूश होती. त्याआधी खड्ड्यांमुळे रिक्षावाले आत यायला नकार देत. नव्या रस्त्यावर पहिल्याच संध्याकाळी मुलांनी क्रिकेट मांडले.

तिसऱ्या दिवशी दादीअम्मांना दवाखान्यातून घेऊन आलो. रिक्षा फाटकासमोर थांबली. दादीअम्मा काठी टेकून उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या. पूर्वी रिक्षातून पाय काढला की थेट फाटकात पडायचा. आता रस्ता फाटकापेक्षा अर्धा फूट वर होता. "मी उतरू कशी?" त्यांनी विचारले. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना खाली घेतले. त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणेच टाळले.

आमच्या वाचक भगिनींपैकी अनेकींच्या दारासमोर असेच झाले असेल. डांबराचा नवा थर एक-दोन इंचांचा असतो, पण जुना न खरवडता दर काही वर्षांनी थरावर थर चढत गेला की उंची वाढत जाते. काँक्रीट तर एका दमात सहा-आठ इंच उंची वाढवते. २०२४ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर जुन्या डांबरावर काँक्रीट चढवण्याचे काम निघाले, तेव्हा एक मार्गिका उंच आणि शेजारची खाली, या फरकाने दुचाकीस्वारांना किती त्रास झाला ते वसई-विरारकरांना सांगायला नको. महामार्गावर जे घडले, तेच लहान प्रमाणात आपल्या फाटकासमोर घडते.

आमची पहिली चूक

आम्ही घाई केली. नाक्यावरच्या एका मिस्त्रीला बोलावले. त्याने अर्ध्या दिवसात रस्ता आणि फाटक यांच्यामधल्या फटीत विटांचे तुकडे भरले, वरून सिमेंटचा उतार ओढला आणि त्याची कड हातभर रस्त्यावर नेली. काम स्वस्तात झाले. शेजाऱ्यांनी कौतुक केले आणि आमचे पाहून आणखी चार घरांनी तसेच करून घेतले.

त्या फटीखाली गटार होते. रस्त्याचे पाणी ज्या भोकांतून गटारात उतरायचे, ती भोके आमच्या उतारानेच बुजवली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला. पाण्याला आमच्या दारापाशी गटारात उतरायला जागा मिळाली नाही. ते रस्त्याच्या कडेने पुढे गेले आणि शेजारच्या काकूंच्या घरात शिरले, कारण त्यांचे घर गल्लीत सर्वांत खाली आहे. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी होते, पिठाचा डबा भिजला होता. काकू भांडायला आल्या नाहीत. दारात येऊन अम्मींना एवढेच म्हणाल्या, "भाभी, तुमचा उतार छान झाला, पण तुमचं पाणी आता आमच्याकडे येतं." त्याच आठवड्यात पहाटे दुधवाल्या पोराची सायकल आमच्या सिमेंटच्या कडेवर घसरली. त्याचे कोपर सोलले.

रस्त्यातला अडथळा बाजूला करणे हा सदका आहे आणि शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क आहे, हे आम्ही मुलांना लहानपणापासून शिकवतो. आणि आम्हीच रस्त्यात अडथळा बांधून बसलो होतो. त्याच दिवशी अब्बांनी पहार आणि हातोडा काढला. आम्ही सगळ्यांनी मिळून तो उतार फोडला, घमेल्यांनी राडारोडा उचलला आणि गटाराची तोंडे मोकळी केली. दादीअम्मांसाठी जाड लाकडी फळी आणली. ती लागेल तेव्हा टाकायची, काम झाले की आत घ्यायची. पूर्ण पावसाळा त्या फळीवर काढला, कारण भर पावसात काँक्रीटचे काम करण्यात अर्थ नव्हता.

आधी पाणी, मग उतार

दिवाळीनंतर नीट काम हाती घेतले. या वेळी माहितगार गवंडी शोधला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो उताराचा नव्हता. "पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?" त्याने पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने रस्ता, फाटक, अंगण आणि गटाराचा तळ, अशा चारही ठिकाणांची पातळी मोजली. रस्ता अंगणापेक्षा उंच असला की उतार घराच्या दिशेने होतो. अशा वेळी नुसता उतार केला तर आपणच पाण्याला घरात बोलावतो.

गटार आणि रस्त्याची कड सार्वजनिक असते. तिथे हात लावायचा तर लेखी परवानगी लागते. आम्ही फोटो जोडून प्रभाग कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली. परवानगी आल्यावरच गटारावरचे काम केले. त्यावर फाटकाच्या रुंदीएवढी लोखंडी जाळी रस्त्याच्या पातळीला बसवली. ती उचलता येते, त्यामुळे सफाई कामगारांना गाळ काढता येतो.

बाकीचा सगळा उतार फाटकाच्या आत, आमच्याच जागेत घेतला. त्याचे माप लक्षात ठेवायला सोपे आहे : एक इंच उंचीला एक फूट लांबी. चाकाची खुर्ची सुरक्षित नेता यावी म्हणून सार्वजनिक इमारतींसाठी हेच एकास बारा प्रमाण सांगितलेले आहे. आमचा फरक सहा इंचांचा, म्हणून उतार सहा फूट लांब झाला. फाटक आत उघडत असल्यामुळे ते नव्या उताराला घासले असते, म्हणून बिजागऱ्या सहा इंच वर घेतल्या.

उतार जिथे अंगणाला मिळतो, तिथे आडवी अरुंद पन्हळ केली आणि पाइपने गटाराला जोडली. गटाराचा तळ अंगणापेक्षा खोल होता म्हणून हे जमले. तसे नसेल तर पाणी उलटे आत येईल, तिथे शोषखड्डाच करावा. पाइपाच्या तोंडाला आम्ही बूचही ठेवले आहे. आपल्या एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला वैतरणा. भरतीच्या वेळी गटारांचे पाणी पुढे सरकत नाही. तेव्हा बूच लावावे लागते.

काँक्रीट करताना

सिमेंट, वाळू आणि खडी एकास दीड आणि तीन अशा प्रमाणात घेतली. पन्नास किलोच्या गोणीला तीस लिटरपेक्षा जास्त पाणी घालू दिले नाही. काम सोपे जावे म्हणून मजूर पाणी वाढवतात, आणि तिथेच काँक्रीट कमजोर होते. उताराची दोन्ही टोके पातळ निमुळती ठेवली असती तर महिन्याभरात त्यांचे टवके उडाले असते. म्हणून दोन्ही टोकांना जुनी जमीन खोदून काँक्रीटला पुरेशी जाडी दिली. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत न करता झाडूने आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे ओल्यातही पाय घसरत नाही.

नंतर गोणपाट अंथरून दहा दिवस ते ओले ठेवले. साध्या सिमेंटला किमान सात दिवस लागतात, राख मिसळलेल्या सिमेंटला दहा. पाणी मारायचे काम मुलांनी वाटून घेतले. दुचाकी दहा दिवसांनी आत घेतली. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात, म्हणून चारचाकीला तोपर्यंत थांबवले.

गल्लीने मिळून

आमचे काम पाहून इतर चार घरांनीही आपापले सिमेंटचे ढिगारे फोडले. सगळ्यांनी एकच गवंडी आणि एकच लोहार धरला, त्यामुळे जाळ्या स्वस्त पडल्या. काकूंच्या दाराशी जाळी लावण्याचा खर्च आम्ही पाच घरांनी वाटून घेतला. त्या नको म्हणत होत्या. अम्मी म्हणाल्या, "काकू, पिठाचा डबा आमच्यामुळे भिजला होता."

गेल्या पावसाळ्यात परीक्षा झाली. जुलैमध्ये भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तेव्हा गल्लीत तासभर पाणी साचले, पण ते कोणाच्या घरात शिरले नाही. आम्ही फुशारकी मारत नाही. जुलै २०१८ मध्ये लोकल बंद पडल्या होत्या आणि वसईच्या मिठागरात शेकडो लोक अडकले होते, तसा पूर आमच्या जाळ्यांनी अडणार नाही. त्याला पाणी साठवणारी तळी आणि मोकळे नाले लागतात. पण रोजचा पाऊस शेजाऱ्याच्या घरात न ढकलणे आपल्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. गल्लीत रस्त्याची मापे घ्यायला माणसे येतात, बोलायची वेळ ती असते. रस्ता किती उंच होणार, जुना थर काढणार का, फाटकासमोर गटारात पाणी कुठून उतरणार, हे तीन प्रश्न तेव्हाच लेखी विचारावेत. अर्जावर पाच-दहा घरांच्या सह्या असाव्यात. सुस्थितीतला, सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. तेव्हा विचारण्यात संकोच कसला?

आता दादीअम्मा रोज असरनंतर काठी टेकत एकट्या फाटकाबाहेर जातात. जाळी ओलांडून काकूंच्या ओट्यावर बसतात आणि मगरिबच्या आधी परत येतात. येताना जाळीत अडकलेली पाने काठीने बाजूला करतात.