वाल सोलताना सांगितलेल्या गोष्टी

लोकलमध्ये उभे असाल, घरी लोळत असाल किंवा ऐकायचं सोडून हे नुसतं वाचत असाल, तरी एक काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचे फोटो किती आहेत ते बघा. मग त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग किती आहे, तेही बघा.

माझ्याकडे आजीचे तीनशेच्या वर फोटो आहेत. आवाज मात्र अकरा सेकंद. एक व्हॉइस नोट, "पोचलास का रे? पोचलास की फोन कर." बस्स. आजी जाऊन आता दीड वर्ष झालं.

आजीचं घर पेणला. तिच्याकडे गेलं की रविवारी बिरडं ठरलेलं. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन पुढे उडते. किलोभर वाल म्हणजे चार माणसांचा तासभर सहज जातो. हात ओले, त्यामुळे फोनला शिवायची सोय नाही. तोंड मात्र मोकळं. आणि मग आजी पुराची गोष्ट सांगायची.

जुलै १९८९ मध्ये रायगडात अंबा नदीला भयानक पूर आला होता. जांभूळपाड्यात, नागोठण्यात पाणी शिरलं, कितीतरी माणसं गेली. आजी तेव्हा नागोठण्याला माहेरी गेलेली. ही गोष्ट मी वीसेक वेळा तरी ऐकली असेन. आणि तरीही गेल्या दिवाळीत माझं आणि ताईचं त्यावरून भांडण झालं. ताई म्हणते, आजी ती रात्र माळ्यावर होती. मी म्हणतो, शेजाऱ्यांच्या गच्चीवर. बाबा म्हणाले, "आई तर देवळात म्हणायची!" तीन माणसं, तीन जागा. आणि विचारायला आता कोणी नाही.

वीस वेळा ऐकलेली गोष्ट अशी कशी विसरली जाते? खरं तर वीस वेळा ऐकली म्हणूनच. एन्डेल टलविंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. एक, घडलेल्या प्रसंगांची. दुसरी, 'असं असतं' या सर्वसाधारण माहितीची. एकच गोष्ट पुन्हापुन्हा घडली की मेंदू सगळे प्रसंग वेगवेगळे जपत बसत नाही, त्यांचं एक सरासरी चित्र करून ठेवतो. म्हणून 'आजीकडे वाल सोलायचो' हे मला पक्कं आठवतं, वालाचा तो उग्र वासही आठवतो, पण एकही विशिष्ट रविवार आठवत नाही. त्याबरोबर गोष्टीतले तपशीलही पुसट झाले.

मग यावर उपाय काय? रोजच्या गोष्टी सोडून दरवर्षी मनालीला जायचं? नाही हो. आमची चूक वेगळीच होती. आम्ही नुसतं ऐकलं. मध्येच थांबवून कधी काही विचारलं नाही, नंतर आपापसात ती गोष्ट कधी सांगितली नाही. आठवण टिकते ती आठवून, पुन्हा सांगून. रॉबिन फायव्हश आणि इतर संशोधकांनी आयांचं लहान मुलांशी होणारं बोलणं वर्षानुवर्षं तपासलं. "मग काय झालं? तू काय केलंस?" असे मोकळे प्रश्न विचारणाऱ्या आयांची मुलं पुढे आपल्या आठवणी जास्त तपशिलाने सांगतात. न्यूझीलंडमधल्या माओरी समाजात जुन्या गोष्टी सांगण्याला फार महत्त्व आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या माओरी प्रौढांची सगळ्यात पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या वयाची निघाली. युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीन वर्षांच्या आसपास. तुमची किती वयाची आहे, कमेंटमध्ये सांगा.

आता फोनबद्दल. लिंडा हेन्केलचा एक प्रयोग आहे. संग्रहालयात ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादा भाग झूम करून काढला, तेव्हा ही घट दिसली नाही. म्हणजे दोष फोनचा नाही, न बघता बटण दाबण्याचा आहे, असं माझं मत.

मी आता काय करतो ते सांगतो. आधी विचारतो, "रेकॉर्ड करू का?" हे चोरून करू नका, प्लीज. हो म्हटलं की रेकॉर्डर चालू करून फोन पालथा ठेवतो आणि काहीतरी काम काढतो. शेंगा, लसूण, कपड्यांच्या घड्या, काहीही. समोरासमोर बसवून "तुमच्या वेळचं काहीतरी सांगा" म्हटलं की आपली माणसं "काय सांगायचं, बरं चाललं होतं" एवढ्यावर गप्प होतात. बारीक प्रश्न विचारा. पाणी कुठल्या दाराने आलं? शाळेत डब्यात काय असायचं? फाइलला नाव आणि तारीख द्या आणि एक कॉपी फोनबाहेर ठेवा. फोन पाण्यात पडतात.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन वाल सोलायला बसलो. सत्तेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. त्यातली निम्मी, मी सालं नीट काढत नाही म्हणून बाबांनी मला दिलेली बोलणी आहेत. पण मध्येच ते म्हणाले, पुरानंतर एसटी बंद होती, तेव्हा ते पेणहून मिळेल त्या गाडीने आणि उरलेलं चालत आजीला आणायला गेले होते. हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. आजी त्यांना भेटली तेव्हा ती चिखलातून पितळी भांडी वेचत होती आणि तिने आधी विचारलं, "जेवलास का?"

ती रात्र तिने कुठे काढली, हे बाबांनी तेव्हा विचारलंच नव्हतं. फाइल ताईला पाठवली. ऐकून तिचा फोन आला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माळाच."