न्यायला आलेली माणसं : अंतकाळच्या अनुभवांचा मागोवा

मरणपंथाला लागलेल्या रुग्णाला कधीच वारलेली आई किंवा भाऊ दिसतो, तो त्यांच्याशी बोलतो, कुठेतरी निघायची घाई करतो. महिनोन्‌महिने ओळख विसरलेली म्हातारी शेवटच्या एक-दोन दिवसांत लेकीला नावाने हाक मारते. बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांना हे नवे नाही. ‘बोलावणं आलं’, ‘न्यायला आले’ असे कुणी म्हटले की बाकीचे समजतात. याच जिल्ह्यातल्या शेगावच्या गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला समाधी घेतली आणि ती वेळ आधीच सांगितली होती, असे परंपरा मानते. ती श्रद्धा जपणाऱ्या मुलखात मरणाची चाहूल लागणे अशक्य वाटत नाही.

वैद्यकाला मात्र याकडे वळायला वेळ लागला. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बॅरेट यांचे अशा दर्शनांवरचे पुस्तक १९२६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. कार्लिस ओसिस आणि एर्लेंदुर हाराल्डसन या संशोधकांनी अमेरिका व उत्तर भारतातल्या डॉक्टर-परिचारिकांना विचारून १९७७ मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकी रुग्णांना बहुधा मृत नातलग दिसत, भारतीयांना देव आणि यमदूत अधिक. यमदूतांबरोबर जायला भारतीय रुग्ण पुष्कळदा नकारही देत. या दोघांचा रोख मरणोत्तर अस्तित्वाच्या पुराव्याकडे होता, त्यामुळे रुग्णाची शुश्रूषा मागे पडली.

ती पुढे आणली उपशामक सेवेने (पॅलिएटिव्ह केअर). मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना आश्रम सुरू झाला. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ चा. उत्तर केरळमध्ये वारलेल्या आणि मरणासन्न अशा १०४ जणांच्या कुटुंबीयांशी संशोधक बोलले, तेव्हा ४० जणांच्या बाबतीत अशी दर्शने आढळली. अमेरिकेतल्या बफेलोच्या हॉस्पिसमध्ये डॉ. ख्रिस्तोफर कर आणि सहकाऱ्यांनी थेट रुग्णांनाच रोज विचारले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५९ पैकी ५२ जणांनी निदान एक स्वप्न किंवा दर्शन सांगितले. मरण जवळ येईल तशी मृत माणसे अधिक दिसत, आणि तीच सर्वांत जास्त धीर देत.

उपचाराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे तो वात (डिलिरियम) की दर्शन हा. वातात लक्ष टिकत नाही, बोलणे तुटक होते, भीती आणि तळमळ असते, रात्री त्रास वाढतो. तुंबलेली लघवी, मलावरोध, जंतुसंसर्ग, शरीरातले कमी झालेले पाणी किंवा औषधे ही त्याची कारणे शोधून दूर करावी लागतात. दर्शन सांगणारा रुग्ण बहुधा भानावर असतो, काय दिसले ते नंतरही नीट सांगतो. त्याला गुंगीचे औषध देणे म्हणजे त्याचा आधारच काढून घेणे. दोन्ही अवस्था एकत्रही असू शकतात, म्हणून तपासणी टाळता येत नाही. काही दर्शने जुने अपराध किंवा राहून गेलेली भांडणे वर आणतात. तिथे त्या नातलगाला बोलावून घेणे गोळीपेक्षा उपयोगी पडते.

अकोला, नागपूर किंवा मुंबईहून कर्करोगाचा रुग्ण गावी परततो, तेव्हा ही पारख घरच्यांवरच येते. ‘कोण आलंय? काय म्हणतात?’ एवढे शांतपणे विचारावे, ‘तिथं कोणी नाही’ असा वाद घालू नये, त्याच वेळी लघवी, ताप आणि वेदना पाहाव्यात, हे त्यांना डिस्चार्जच्या वेळीच सांगितले गेले पाहिजे. म्हणजे रुग्ण बोलू लागला की ते ना देवऋष्याकडे धावतात, ना मध्यरात्री त्याला गाडीत घालून शहर गाठतात.