सिस्टर सिस्टरशी कशी बोलते?

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडले. आज मिरज-सांगलीपासून कराड-साताऱ्यापर्यंत उपचारांना माणसे लांबून येतात. त्यांच्या उशाशी चोवीस तास असतात त्या परिचारिका. रुग्णाशी त्या कशा वागतात याची चर्चा होते. आपसांत कशा वागतात, याची फारशी होत नाही. व्हायला हवी.

ड्यूटी बदलताना ‘ओव्हर’ दिली जाते: कोणाला कोणते औषध दिले, कोणाची सलाईन संपत आली, कोणाची शुगर खाली गेली. नवी सिस्टर काही विचारते आणि इन्चार्ज सर्वांसमोर म्हणते, “एवढंही कळत नाही?” पुढच्या वेळी ती विचारत नाही, अंदाजाने डोस भरते. इथे अपमान रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचतो, म्हणूनच हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही.

मात्र सगळा दोष ज्येष्ठ सिस्टरवर टाकणे अन्यायाचे आहे. अपुरी माणसे, लागोपाठच्या नाईट आणि नातेवाइकांचा आरडाओरडा यांत कोणाचाही आवाज चढेल. प्रशासनाने आधी रिक्त पदे भरावीत.

अमेरिकी परिचारिका संघटनेने 2015 मध्ये असभ्य वर्तन आणि दादागिरीविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली. त्याआधी 2004 मध्ये परिचारिका-संशोधक मार्था ग्रिफिन यांनी नवख्या परिचारिकांकडून टोमण्यांना द्यायची शांत उत्तरे आधीच घोकून घेतली होती. “मॅडम, चूक झाली असेल तर बाजूला घेऊन सांगा, मला शिकायचंय,” हे वाक्य आपल्या नर्सिंग कॉलेजांतही सरावात आणता येईल.

मेट्रन मॅडम, सुरुवात तुमच्या राउंडपासून करा.