उन्हाळ्यात गिनीपिगला काय घालावे?

गिनीपिग हा नावाप्रमाणे गिनी देशाचाही नाही आणि डुकराच्या जातीचाही नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडचा, उंदीर-खारींच्या गणातील गवतखाऊ प्राणी. आता आपल्याकडेही तो हौसेने पाळला जातो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात त्याच्या खाण्याचे फारसे अडत नाही; प्रश्न येतो तो मार्चनंतर. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला, तर बहुतेक तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. उन्हाळ्यात बांध करपतात, पालेभाजी महागते. २०१३ आणि २०१९ साली तर जिल्ह्यात गुरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा दिवसांत गिनीपिग पाळणारा माणूस सोपा मार्ग काढतो आणि सशासाठी मिळणारे गोळीखाद्य आणून ठेवतो. प्राणी ते खातो, त्याचे पोटही भरते. पण दोन-तीन आठवड्यांत तो मलूल होतो, एका जागी बसून राहतो, उचलले की वेदनेने ओरडतो, सांधे सुजतात. हा आजार म्हणजे स्कर्व्ही.

ससा, उंदीर, गाय, कुत्रा हे प्राणी क जीवनसत्त्व आपल्या यकृतात ग्लुकोजपासून स्वतःच तयार करतात. या साखळीतील शेवटचे विकर, एल-ग्युलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज, गिनीपिगच्या शरीरात बनत नाही. त्याचे जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले आहे. माणसाचेही तेच झाले आहे. सशाला हे जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालण्याची गरज नसते. खास गिनीपिगसाठीच्या खाद्यात ते घातलेले असते. पण साध्या स्वरूपात घातले असेल, तर सुमारे तीन महिन्यांत निम्मे नाहीसे होते. पत्र्याखालच्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात, ते आणखी लवकर जाते. पिशवीवरची तारीख पाहायची ती यासाठी.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती नॉर्वेत. ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे खलाशांच्या बेरीबेरीसारख्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, आणि बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाली. हे काम त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. स्कर्व्हीचा अभ्यास करायला प्रयोगशाळेत एक प्राणी मिळाला.

पुढे याच प्राण्यावर झालेल्या एका कामाचा धागा महाराष्ट्राशी जुळतो. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, मेसोपोटेमियातील (आजचा इराक) कूत या गावी सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. भारतीय सैनिकांच्या वाट्याला मुख्यतः पीठ आणि डाळ येई. ताजी भाजी जवळपास नव्हतीच. त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. जिथे भाजी पोहोचवता येत नाही तिथे काय द्यावे, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मेरियन डेल्फ यांनी गिनीपिगना कडधान्ये देऊन पाहिली. कोरड्या कडधान्यांनी स्कर्व्ही थांबली नाही; भिजवून मोड आणलेल्या कडधान्यांनी थांबली. १९१९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, अंकुर फुटताना ते दाण्यात नव्याने तयार होते. आपली मोडाची मटकी नुसती चवीची नव्हे, ती अशी कसोटीला उतरलेली आहे!

वर्गात हे दाखवता येते. काही तास भिजवलेली मटकी आणि दोन दिवसांचे मोड सारख्या वजनाने घेऊन, सारख्या पाण्यात वाटून गाळा. दोन्हींत थोडी भाताची पेज घाला आणि टिंक्चर आयोडीन थेंबाथेंबाने सोडा. निळा रंग टिकेपर्यंत कोणत्या भांड्यात जास्त थेंब लागले ते विद्यार्थ्यांना मोजू द्या. क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवते, हे यामागचे कारण.

आता आपल्या प्राण्याकडे. त्याचे मुख्य अन्न वाळले गवत. तेच नसेल तर जीवनसत्त्व देऊन भागत नाही. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आतड्यातील जिवाणूंनाही तंतूच लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलोऱ्यावर आलेले डोंगरी गवत कापून, सावलीत वाळवून ठेवले की उन्हाळा निघतो. कुसळी गवत मात्र कुसळे धरण्याआधीच कापावे, नाहीतर ती तोंडात रुततात. नळाच्या गळतीपाशी उन्हाळ्यातही हरळी हिरवी असते; तणनाशक मारलेले नसेल तर ती उत्तम.

जिल्ह्यात दुभत्या जनावरांमुळे लसूणघास बरीच ठिकाणी मिळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर.एल.-८८ हा त्याचाच वाण. पण त्यात कॅल्शियम भरपूर असते. वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला तो चांगला. प्रौढाला रोज तोच घातला तर मूतखड्याचा धोका असतो. नावावर जाऊ नये हेही सांगून ठेवतो. लसूणघास म्हणजे लसूण नव्हे, आणि लसूण-कांदा गिनीपिगला वर्ज्य. गाजर चालते, गाजरगवत विषारी. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली हिरवी ज्वारी देऊ नये, तिच्यात सायनाइड तयार होते. छावणीत गुरांना चालणारे उसाचे वाढेही नकोत, कारण त्यांत ऑक्झॅलेट असते.

राहिले क जीवनसत्त्व. किलोभर वजनाच्या गिनीपिगला रोज किमान १० मिलिग्रॅम लागते, गाभण मादीला सुमारे ३०. शंभर ग्रॅम पेरूत ते साधारण २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे दहा ग्रॅमची एक फोड पुरे; जास्त दिल्यास साखरेने पोट बिघडते. पेरू नसेल तेव्हा ढोबळी मिरचीची फोड द्यावी. मोडांत हे प्रमाण पेरूपेक्षा पुष्कळच कमी, आणि फार दिले तर पोटात वायू धरतो. म्हणून ते चिमूटभर, जोडीला. पाण्यात औषधाचे थेंब टाकण्याची पद्धत मला पटत नाही, कारण पाण्यात ते काही तासांतच कमी होऊ लागते. खाद्य बदलायचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे. गिनीपिगने दिवसभर काही खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.