नागपूर–मुंबई : एका रात्रीचे अंतर

नागपूरला रेल्वे आली १८६७ साली, भुसावळकडून, आणि आली ती मुख्यतः वऱ्हाडातल्या कापसासाठी. नागपूरकराचे मुंबईवाचून तेव्हा फारसे अडत नव्हते, कारण मध्य प्रांताची राजधानी त्याच्या दारातच होती. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ती गेली. १९५३च्या नागपूर कराराचा आधार होता, त्यामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन मिळाले, उच्च न्यायालयाचे खंडपीठही राहिले. पण मंत्रालय ८३७ किलोमीटरवर गेले ते गेलेच. हे अंतर विदर्भाला सोसवले ते कराराच्या कलमांपेक्षा रात्रगाडीमुळे, आणि रात्रगाडीतही साध्या स्लीपरच्या डब्यामुळे, असे माझे मत आहे.

विदर्भ, सेवाग्राम, पुढे दुरांतो, या गाड्यांचे मोल त्यांच्या वेगात कधीच नव्हते. संध्याकाळी किंवा रात्री बसावे, सकाळी मुंबईत उतरावे, मंत्रालयातली फाइल, नोकरीची मुलाखत किंवा टाटा रुग्णालयातली तपासणी उरकावी आणि त्याच दिवशी परत फिरावे. लॉजचे भाडे वाचते, रजा एकच पडते. ही सोय सामान्यांच्या आवाक्यात यायला मात्र वेळ लागला. तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला तरी बर्थ लाकडीच होते. १९७७ ते ७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालायला लावला. समाजवादी मंत्र्याने केलेली ही क्रांती दिसायला किरकोळ. पण पाठीला विचाराल तर फार मोठी. १९९३ साली थर्ड एसी आला आणि गेल्या काही वर्षांत अनेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपरची जागा तोच घेऊ लागला.

समृद्धी महामार्ग असताना गाडी हवी कशाला, असे कुणी म्हणेल. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला, आठ तासांत मुंबई गाठता येते, हे खरेच. पण ते ज्याच्या दारात मोटार आहे त्याच्यासाठी. इतरांना ट्रॅव्हल्सची बस. आणि तिथे प्रवासी झोपला तरी चालकाला जागावेच लागते. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये २५ माणसे जळून गेली. वंदे भारतचेही कौतुक आहे. पण अजनी–पुणे वंदे भारत सकाळी निघून रात्री पोहोचते, म्हणजे बारा तास बसून काढायचे आणि कामाचा दिवस घालवायचा. लोकांनाच आता एसी हवा, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. नागपूरच्या मे महिन्यात एसी कुणाला नको? तरीही स्लीपरची वेटिंग लिस्ट हटत नाही. परवडत असते तर ती माणसे कधीच पलीकडच्या डब्यात गेली असती. डब्यात गर्दी, अस्वच्छता आणि विनाआरक्षण घुसखोरी आहे हे मान्य. पण त्यावर उपाय डबे वाढवणे हा आहे, घटवणे नव्हे.

वेगळ्या विदर्भाचा वाद चालू राहील तो राहो. तोवर नागपूर–मुंबई रात्रगाड्यांतला स्लीपरचा एकही डबा कमी होऊ नये, एवढे तरी विदर्भाच्या खासदारांनी, पक्षभेद विसरून, रेल्वेकडून वदवून घ्यावे.