मीठ डोक्यात गेलेले उंदीर

उंदराचा रक्तदाब शेपटीवर मोजतात. नळकांड्यात उंदीर शिरला की खालची गादी तापवायची. शेपटी उबदार झाली तरच तिच्यातली नाडी यंत्राला लागते. मग लहानसा कफ फुगतो. घाबरलेल्या उंदराचा आकडा उगीच चढतो, म्हणून आधी काही दिवस त्याला नुसतंच नळकांड्यात बसवायचं. या कामाला हुशारीपेक्षा सबुरी लागते, आणि हात गार असून चालत नाहीत.

हे डाल जातीचे उंदीर. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या लुईस डाल यांनी 1962 मध्ये दाखवलं, की निवडून निवडून पैदास केली तर काही पिढ्यांतच एकाच जातीची दोन घराणी होतात: एकाला मीठ बाधतं, दुसऱ्याला नाही. खाद्य दोघांना तेच, किलोमागे 80 ग्रॅम मीठ. आठवड्यागणिक एका पिंजऱ्यातले आकडे चढत जातात, शेजारचे फारसे हलत नाहीत.

हा सगळा फरक मूत्रपिंडावर ढकलणं सोपं. डाल यांनीच पुढे दोन घराण्यांतल्या मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा दाब बराचसा मूत्रपिंडाबरोबरच गेला. पण उंदराला भूल देऊन, डोकं चौकटीत घट्ट बसवून, कवटीच्या सांध्यापासून मिलिमीटर मोजत भोक पाडलं आणि मेंदूच्या पोकळीत बारीक नळी सोडली की गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मानेखाली कातडीत पंप असतो. त्यातून बेन्झामिल, म्हणजे सोडियमची वाट अडवणारं औषध, मेंदूत ठिबकत राहिलं तर तेच खारट खाद्य खाऊनही दाब तसा चढत नाही. तेवढाच डोस नुसता कातडीखाली दिला तर काही उपयोग होत नाही.

या उंदरांत मेंदूभोवतीच्या द्रवातलं सोडियम दाबाच्या आधी वाढतं. त्यावर मेंदूत वाबेनसारखा पदार्थ वाढतो, सिम्पथेटिक मज्जातंतू चेकाळतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. वाबेन हे पूर्व आफ्रिकेतलं बाणांना लावायचं विष. अंगात तेच बनतं की त्याचं भावंड, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं मेंदूत सोडली की दाब आवरतो, हे पाहिल्यावर मला नावाचं भांडण दुय्यम वाटतं.

माणसात अशी नळी घालता येत नाही. चोवीस तासांची लघवी साठवून कळतं ते किती मीठ खाल्लं एवढंच. ते बाधतं का, हे पाहायला काही दिवस अळणी, काही दिवस खारट जेवण घालून दोन्ही वेळा दाब मोजावा लागतो. दवाखान्याच्या एका खेपेत ते होत नाही.