प्रॉक्सी सर्व्हर आणि प्रवेशनियमांची सुरक्षितता

कार्यालयातील किंवा शाळेतील अनेक संगणक एकाच मार्गाने इंटरनेटशी जोडावयाचे असतात, तेव्हा मध्ये 'प्रॉक्सी सर्व्हर' ही यंत्रणा बसविण्याची पद्धत आहे. प्रत्येक संगणकाची मागणी प्रथम या सर्व्हरकडे येते. तो ती ठरवून दिलेल्या नियमांशी ताडून पाहतो आणि मगच पुढे पाठवितो. कोणती संकेतस्थळे खुली व कोणती बंद, हे या नियमांवरच अवलंबून असते. नियम योग्य रीतीने लिहिले म्हणजे व्यवस्था सुरक्षित झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही.

'स्क्विड' या विनामूल्य व जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रॉक्सी प्रणालीत २००४ साली उघड झालेला दोष या दृष्टीने बोधप्रद आहे.

दोषाचे स्वरूप

संकेतस्थळाच्या पत्त्यात जी चिन्हे थेट लिहिता येत नाहीत, ती टक्केचिन्ह व त्यापुढील संकेत यांनी दर्शविली जातात. '%२०' म्हणजे मोकळी जागा. '%००' म्हणजे शून्य-चिन्ह. स्क्विड ज्या 'सी' भाषेत लिहिलेले होते, त्या भाषेत शून्य-चिन्ह हा मजकुराचा शेवट मानला जातो. त्यामुळे तपासणीपूर्वी पत्ता उलगडताना '%००' आढळले, की त्यापुढील भाग नियमांच्या दृष्टीआड होई. मागणी मात्र पूर्ण पत्त्यानुसार रवाना होई.

पत्त्यात '@' या चिन्हापूर्वी वापरकर्त्याचे नाव लिहिण्याची सोय असते. खरे स्थळ त्यानंतर येते. एखादा निरुपद्रवी शब्द, त्यापुढे '%००', मग '@' आणि शेवटी मनाई असलेले स्थळ लिहिले, की पत्त्याच्या मजकुरावर आधारलेले नियम चुकविता येत. लिपिकाने पाकिटावरील पहिलीच ओळ वाचून मंजुरी द्यावी आणि टपाल मात्र शेवटच्या ओळीतील पत्त्यावर जावे, तसाच हा प्रकार होता.

उपाय

२.५ या मालिकेतील 'स्टेबल ४' व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत हा दोष होता. 'स्टेबल ५' मध्ये तो दूर करण्यात आला. येथे नियम लिहिणाऱ्याची चूक नव्हती, म्हणून केवळ नियम सुधारून भागण्यासारखे नव्हते; सुधारित आवृत्ती बसविणे हाच खरा उपाय होता. यास्तव, जेथे अशी यंत्रणा आहे तेथे तिच्या आवृत्तीची नोंद ठेवणे, सुरक्षाविषयक सूचना वेळीच पाहणे आणि हे काम एका जबाबदार व्यक्तीकडे सोपविणे अगत्याचे आहे. मुलांच्या किंवा कार्यालयाच्या संरक्षणासाठी केलेले नियम अन्यथा केवळ कागदावरच राहतील.